इंडेक्स काढून फ्रिक्शन: जुन्या एकवीस गिअरवालीच्या कामाच्या नोंदी

७ जून

सायकल अशी: स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्या, मागे आट्यांवर फिरवून बसवायचं सात चकत्यांचं फ्रीव्हील, १४-२८. रोजचा वापर नाशकात सिडको ते सातपूर एमआयडीसी, रविवारी गंगापूर धरण किंवा त्र्यंबक रस्ता.

तक्रार उजव्या ट्रिगरची, म्हणजे मागचे गिअर बदलायच्या शिफ्टरची. अंगठ्याची पट्टी दाबली की टक् व्हायला हवं, ती नुसतीच लोंबते. सकाळी गारव्यात हमखास. दुपारी कंपनीतून निघताना, सायकल उन्हात तापलेली असली तर एखाददुसरा गिअर पडतो. दोन दुकानांत दाखवलं. दोन्हीकडे एकच उत्तर: शिफ्टर गेला, जोडी बदला.

जोडी बदलणं सोपं होतं. पण घरात दुसरी एक सायकल आहे, मुलाची. तिच्या मागच्या चाकावर आठ चकत्या आहेत. चाकं अदलाबदल करून वापरता आली तर एक पंक्चर असताना दुसरं लावून निघता येईल, हे बरेच दिवस डोक्यात होतं. इंडेक्स शिफ्टर ते करू देत नाही. सातचा लिव्हर सातच खटके मोजतो आणि प्रत्येक खटक्याला ठरलेली तेवढीच केबल ओढतो. फ्रिक्शन लिव्हरला खटकेच नसतात. जिथे सोडाल तिथे तो वॉशरच्या घर्षणावर थांबतो. चेन नेमकी कुठे बसवायची ते तुम्ही ठरवायचं. खरं सांगायचं तर करून बघायची खुमखुमीही होतीच.

कोणी हे करणार असेल तर आधी एक गोष्ट तपासा. स्वस्त सायकलींवर ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात येतात. तसं असेल तर ब्रेक लिव्हरही नवे घ्यावे लागतील आणि खर्च वाढेल. माझे सुटे आहेत.

८ जून

अंगठ्याने फिरवायचे जुने फ्रिक्शन लिव्हर जुन्या सामानवाल्याकडे मिळाले, जोडी ३०० रुपयांना. कुठल्याशा जुन्या सायकलीवरून निघालेले, नाव घासलं गेलेलं. सनरेस असे साधे लिव्हर अजूनही नवे बनवते. मायक्रोशिफ्टचे काही लिव्हर तर इंडेक्स आणि फ्रिक्शन दोन्ही करतात. मला हातात धरून बघून घ्यायचे होते म्हणून जुने घेतले.

क्लॅम्प २२.२ मिमीच्या सरळ हँडलवर नीट बसला. ग्रिप काढताना साबणाच्या पाण्याची सिरिंज आत मारली की ती लगेच सुटते. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटाल तर ग्रिप फाटेल.

लिव्हर हँडलच्या वर येतो, ट्रिगरसारखा खाली नाही. पहिल्यांदा ब्रेकला चिकटवून लावला, तर पूर्ण मागे ओढल्यावर अंगठा ब्रेकच्या क्लॅम्पवर आपटत होता. बोटभर आत सरकवला.

११ जून

आजचा दिवस केबलमध्ये गेला, आणि या सगळ्या कामातला सगळ्यात शिकण्यासारखा भागही हाच निघाला.

मागच्या डिरेलरकडे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाकडे, जाणारं आऊटर (केबलची बाहेरची नळी) कापून बघितलं तर ते ब्रेकचं. मागे कधीतरी एका दुकानात केबल बदलून घेतली होती, तेव्हा घातलेलं असणार. दिसायला दोन्ही काळ्या नळ्याच. ब्रेकच्या आऊटरमध्ये पत्र्याची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरच्या आऊटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने घातलेल्या असतात. स्प्रिंगवालं आऊटर दाबलं की थोडं आखडतं, वाकवलं की लांबी बदलते. ब्रेकला त्याने फरक पडत नाही. गिअरला पडतो. माझ्या डिरेलरचं गणित असं: केबल १ मिमी ओढली की डिरेलर १.७ मिमी सरकतो. सात गिअरमध्ये दोन चकत्यांतलं अंतर ५ मिमी. म्हणजे आऊटर नुसतं १ मिमी आखडलं तर चेन एक तृतीयांश चकती चुकली. इंडेक्सचा खटका तोवर आपल्या जागी टक् करून मोकळा झालेला असतो.

१९८४ साली शिमानोने ड्युरा-एसच्या ७४०० मालिकेत इंडेक्स आणलं, तेव्हा त्याच्या जोडीला न आखडणारं आऊटरही लागलं. त्याआधी टूर द फ्रान्स जिंकणारेसुद्धा फ्रिक्शनवरच होते आणि आऊटरची एवढी चिकित्सा कोणी करत नव्हतं.

उलटा प्रयोग कोणीही करू नका. गिअरचं आऊटर ब्रेकला लावायचं नाही. त्या उभ्या तारा ब्रेकचा जोर धरत नाहीत, नळी फाटून बाहेर येतात आणि ब्रेक तिथल्या तिथे निकामी होतो. जाडीवरून ओळखा: गिअरचं बहुधा ४ मिमी, ब्रेकचं ५ मिमी.

आणलेलं सामान: गिअरचं आऊटर दोन मीटर १४० रुपये, आतली तार ८०, टोकाच्या टोप्या मूठभर ३० रुपयांत. गिअरची तार १.२ मिमीची असते आणि तिचं डोकं लहान असतं. दुकानात नुसतं 'केबल द्या' म्हटलं तर ब्रेकची जाड तार हातात येते.

आऊटर पक्कडीने कापू नका, चेपतं. केबल कटर नसेल तर कंपनीतल्या कोणाकडून आणा. कापल्यावर टोक कानशीने सपाट करायचं आणि आतली प्लॅस्टिकची नळी दाभणाने पुन्हा गोल उघडायची. हे दोन मिनिटांचं काम टाळलं की लिव्हर कायमचा जड.

हँडलकडचा तुकडा मी आखूड कापला. सायकल सरळ उभी असताना छान दिसत होता. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं तर ताणला गेला आणि मागचा गिअर आपोआप चढला. तुकडा वाया. कापण्याआधी हँडल दोन्हीकडे वळवून बघायचं.

१४ जून

सेटिंग. आमच्या ओट्यावर झोपाळ्याच्या कड्या आहेत, झोपाळा केव्हाच गच्चीवर गेला. त्या कड्यांना दोऱ्या बांधून सीट आणि हँडल अडकवलं की मागचं चाक मोकळं फिरतं आणि काम डोळ्यांच्या उंचीवर येतं. स्टँड घ्यायची गरज नाही.

क्रम असा ठेवला. केबल जोडायच्या आधीच लिमिट स्क्रू, म्हणजे डिरेलरला दोन्ही टोकांना अडवणारे. एच लहान चकतीचा, एल मोठ्या चकतीचा. डिरेलर हाताने आत ढकलून बघायचा: मोठ्या चकतीच्या पुढे, स्पोककडे, तो जाताच कामा नये. चढावर जोर लावताना चेन स्पोकमध्ये गेली तर चाक, डिरेलर आणि माणूस तिघांचंही नुकसान. मग लिव्हर पूर्ण पुढे सोडून, केबल हाताने ताणून बोल्ट आवळायचा. बोल्टखाली केबलसाठी खाच असते, केबल तिच्यातच बसली पाहिजे. खाचेच्या दुसऱ्या बाजूने गेली तर ओढीचं प्रमाण बदलतं.

इंडेक्सला यापुढे केबलचा ताण जुळवायला बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवत बसावं लागतं. फ्रिक्शनला इथेच काम संपतं. डोळ्यांदेखत सातही चकत्या मिळाल्या. मधल्या दोन-तीन चकत्यांवर चेन किरकिरत होती. लिव्हर केसभर हलवला की गप्प. मी ते तिथेच सोडून दिलं.

'अहो, त्या कड्या रिकाम्या करा आता, पावसाची दोरी बांधायचीय,' एवढं एक सूचनावजा ऐकायला मिळालं. कड्या रिकाम्या केल्या.

१५ जून

पहिली फेरी, गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाकडे. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते ठिकठिकाणी उकरलेले, त्यामुळे हादऱ्यांची चाचणी फुकटात झाली.

हाताला सवय लागायला फार वेळ लागला नाही. लहान चकतीवरून मोठीकडे जाताना लिव्हर थोडा जास्त ओढायचा, चेन चढली की किंचित परत सोडायचा. उलट जाताना नुसतं सोडलं तरी चालतं. पायांवरचा जोर त्या क्षणी कमी करायचा. आजकालच्या चकत्यांवर चेन चढवायला उतार आणि खाचा कोरलेल्या असतात, त्यामुळे चेन पटकन उडी मारते, कधी एकीच्या ऐवजी दोन. जुन्या सपाट दात्यांच्या फ्रीव्हीलवर असं होत नसे, तिथे ढकलावं लागे.

बाकी सगळं कानावर. लेथवर काप घेताना आवाजावरून कळतं तसंच: गोड आवाज म्हणजे बसली, खरखर म्हणजे मधेच आहे. शांत रस्त्यावर हे छान जमतं. परतताना मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर आलो, बाजूला कंटेनर, वर फ्लायओव्हर, आणि चेनचा आवाज येईनासा झाला. तिथे पावलाला जाणवणारी थरथर तेवढी उरते. ती ओळखता यायला वेळ लागेल.

खरी अडचण वेगळीच. धरणाच्या चढावर मोठ्या चकतीवर असताना प्रत्येक खड्ड्याला लिव्हर तसूभर पुढे सरकत होता. डिरेलरची स्प्रिंग केबलला कायम लहान चकतीकडे ओढत असते, लिव्हरमधलं घर्षण कमी पडलं की ती जिंकते. ऐन चढावर चेन खाली घसरली आणि पाय एकदम जड झाले. लिव्हरवरचा पंखासारखा स्क्रू आवळला. घसरणं थांबलं, पण लिव्हर एवढा घट्ट झाला की अंगठा दुखायला लागला. सैल केला की घसरायचा, आवळला की हलायचा नाही. मधली जागाच सापडेना.

१७ जून

लिव्हर उघडला. उघडताना ताटलीत, आणि प्रत्येक वॉशर निघाला त्या क्रमाने कागदावर ठेवून. मोबाइलने फोटोही काढला, कारण हे वॉशर उलटसुलट बसले तरी स्क्रू मुकाट्याने आवळला जातो आणि घोळ नंतर रस्त्यावर कळतो.

आत तेल. आधीच्या मालकाने जड लिव्हरला उपाय म्हणून सोडलेलं असावं. फ्रिक्शन लिव्हरमध्ये तेल घालणं म्हणजे ब्रेकच्या रबराला तेल लावणं. भांड्यांच्या साबणाने सगळं धुतलं, वाळवलं, परत जोडलं. सुधारणा झाली, पण अर्धवट. लिव्हर फिरताना मधेच धरायचा, मधेच सुटायचा.

व्हर्नियर लावला तेव्हा कारण दिसलं. नायलॉनचा पातळ वॉशर एका बाजूला १.१ मिमी, दुसऱ्या बाजूला ०.८. एकाच जागी वर्षानुवर्षं दाबून झिजलेला. त्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडत नव्हता.

१८ जून

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टर्नरला वॉशर दाखवला. त्याने उलटसुलट केला आणि म्हणाला, 'भाऊ, हा बारका तुकडा पकडू कशात? रॉडवरच काढतो आणि शेवटी पार्टिंग मारतो.' नायलॉनचा रॉड पडलेला होता. सुट्टीच्या वेळात दोन काढून दिले, १.१ मिमीचे, दोन्ही बाजू समांतर. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. नाशकात राहण्याचा हा एक फायदा: अंबडला किंवा सातपूरला कोणा ना कोणाच्या ओळखीचा लेथ असतोच.

पोलादी वॉशरवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, सगळं कोरडं जोडलं. आता स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे केला तरी चालतं, मधली जागा रुंद झाली. लिव्हर आधीपेक्षा हलका आहे आणि खड्ड्याला सरकत नाही.

तरीही मोठ्या चकतीकडे ओढताना जोर जास्तच लागतो, कारण स्प्रिंग आणि घर्षण दोन्हींवर मात करायची असते. जुन्या सनटूरच्या लिव्हरमध्ये यावर उपाय होता: आत बारीक रॅचेट, ओढताना घर्षण बाजूला पडायचं आणि फक्त परतीच्या दिशेला धरायचं. तसला लिव्हर कुठे मिळाला तर विचार न करता घ्या.

२२ जून

पाऊस. त्र्यंबक रस्ता, पुतण्याबरोबर. त्याची सायकल कार्बनची आणि गिअर इलेक्ट्रॉनिक. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हा हा शाळेत होता. सायकलीचं खूळ तेव्हापासूनचं.

त्याचं बटण दाबलं की झ्झिक् असा बारीक आवाज येतो आणि चेन गेलेली असते. उभं राहून जोर लावतानाही. आयटीआय सिग्नलपासून पेगलवाडी फाट्यापर्यंत त्याने किती वेळा गिअर बदलले असतील कोण जाणे. मी मोजकेच बदलत होतो, कारण प्रत्येक बदल म्हणजे अंगठा उचलणं, जोर कमी करणं, ऐकणं. म्हणजे फ्रिक्शनवर माणूस गिअर कमी बदलतो आणि पायांनी जास्त निभावून नेतो. हे चांगलं की वाईट, ते गुडघ्यांवर अवलंबून. माझे अजून बरे आहेत.

ओल्या हाताने मात्र माझा लिव्हर बरा वाटला. अंगठाच काय, तळहातानेही ढकलता येतो. हिवाळ्यात जाड हातमोज्यांतही चालेल.

अंजनेरीच्या अलीकडे त्याची बॅटरी संपली. आधी पुढचा डिरेलर बंद पडला, थोड्या वेळाने मागचाही, आणि सायकल होती त्या गिअरवर राहिली. चार्जिंग त्यानेच विसरलं होतं, सिस्टिमने दिवा दाखवून सांगितलंही होतं. 'काका, हसू नका,' म्हणाला. मी हसलो नाही, कारण एका गिअरवरही तो माझ्या पुढेच होता.

चहाला थांबलो तेव्हा त्याने एक सांगितलं, ते टिपून ठेवतो. मागच्या महिन्यात त्याची सायकल उजव्या अंगावर पडली आणि नंतर मधल्या गिअरना आवाज यायला लागला. मोबाइलवरून बारीक सेटिंग करून थकला. शेवटी निघालं काय, तर हँगर वाकलेला, म्हणजे फ्रेमचा तो कान ज्यात डिरेलर अडकतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये खटके लिव्हरमधून निघून मोटरमध्ये गेलेत एवढंच. केबल आखडणं, गंजणं संपलं, पण ठरलेल्या जागी जाऊन थांबणं तेच. हँगर वाकडा असेल तर ती ठरलेली जागाच चुकीची. आणि बारा चकत्यांमध्ये चुकायला जागा फार थोडी.

ऐकताना मला माझ्या मधल्या दोन-तीन चकत्यांची किरकिर आठवली.

२४ जून

डिरेलर काढून हँगर तपासला. हत्यार विकत न घेता करायची युक्ती: हँगरचे आटे १० मिमी, १ मिमी पिचचे असतात, आणि बऱ्याच मागच्या चाकांच्या ॲक्सलचेही तेच. मुलाच्या सायकलचं मागचं चाक काढून, त्याच्या ॲक्सलचं टोक हँगरमध्ये फिरवून बसवलं. आता दोन चाकं शेजारी-शेजारी उभी राहतात आणि दोन्ही रिममधलं अंतर सगळीकडे सारखं यायला हवं. माझं वर आणि खाली यांत चांगला बोटभर फरक. काही स्वस्त चाकांचा ॲक्सल ३/८ इंची असतो, तो ढिला बसेल. त्यावर मोजमाप करू नका.

फ्रेम स्टीलची आहे म्हणून हँगर सरळ करता आला. आट्यांमध्ये बोल्ट ठेवून मोठ्या स्क्रू पान्याने थोडं-थोडं वाकवायचं, परत चाक लावून बघायचं. घाई केली तर आटे जातात. ॲल्युमिनियमचा सुटा हँगर जास्त वाकला असेल तर नवाच घ्या, तो परत वाकवताना तुटतो.

डिरेलर लावला. किरकिर गेली.

म्हणजे एवढे दिवस सायकलला दोन रोग होते, चुकीचं आऊटर आणि वाकडा हँगर, आणि फ्रिक्शन लिव्हरने दुसरा लपवून ठेवला. अंगठ्याने केसभर सरकवून मी रोज तो झाकत होतो. इंडेक्स असतं तर पहिल्या दिवशी बोंब मारली असती. 'फ्रिक्शन कधी बिघडत नाही' असं म्हणणाऱ्यांचं अर्धं कौतुक इथून येत असावं, असं मला आता वाटतं: बिघाड असतो, तो हात भरून काढतो.

२५ जून

मग राहवेना. फेकायला काढलेला जुना ट्रिगर घेतला. गारव्यात लोंबतो आणि उन्हात चालतो, म्हणजे आतलं ग्रीस घट्ट झालंय हे आधीच सुचायला हवं होतं. वरचं झाकण काढून डब्ल्यूडी-४० चा फवारा, पट्टी हलवत राहायची, खाली चिंधी. पिवळट मेणासारखं ग्रीस बाहेर यायला लागलं. आत एक इवलासा पॉल असतो, फ्रीव्हीलमधल्या कुत्त्यासारखाच. तो ग्रीसमध्ये चिकटून बसला होता, स्प्रिंग त्याला ढकलू शकत नव्हती. थोड्या वेळाने टक्. मग टक् टक्. वाळू दिलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकले. सातही खटके परत आले.

दोन दुकानांनी मेलेला ठरवलेला शिफ्टर फवाऱ्यात उठला. हे काम ७ जूनला केलं असतं तर ही नोंदवहीच लिहावी लागली नसती.

नव्या आऊटरवर, सरळ केलेल्या हँगरवर तो लावून पाहिला. लोण्यासारखा चालला. एवढा नीट तो नवा असतानाही चालल्याचं आठवत नाही.

२८ जून

दोन दिवस इंडेक्स ठेवून कामावर गेलो. रस्त्यावरच्या गर्दीत इंडेक्सला तोड नाही. डोळे रिक्षावर, एक खटका, काम झालं. ऐकायचं नाही, सावरायचं नाही. रोज गर्दीतून जाणाऱ्याने, किंवा घरातल्या ज्या माणसाला गिअर या विषयात रस नाही त्याच्या सायकलवर, इंडेक्सच असावं हे माझं मत पक्कं झालं.

तरी फ्रिक्शनच परत लावणार, त्या चाकासाठी.

५ जुलै

मुलाचं आठ चकत्यांचं चाक लावलं. दोन्हीचं हब १३५ मिमीचं, दोन्हीला व्ही-ब्रेक, म्हणून सहज बसलं. चेनही सात-आठला एकच चालते.

हिशेब आधी करून ठेवला होता. सात चकत्यांना पहिलीपासून शेवटपर्यंत ३० मिमी सरकावं लागतं, म्हणजे १७.६ मिमी केबल. आठमध्ये अंतर ४.८ मिमी, एकूण ३३.६, म्हणजे जवळपास २० मिमी केबल. माझ्या लिव्हरवर केबल बसते तिथला व्यास साधारण १७ मिमी, तेव्हा सातला सुमारे ११९ अंश फिरवावं लागतं आणि आठला १३३. लिव्हर त्याहून जास्त फिरतो. लिमिट स्क्रू दोन्हींना चालतील अशा जागी आणायला थोडी खटपट झाली. आता चाक बदलल्यावर फक्त ब्रेक जोडायचा आणि निघायचं. आठव्यावर चेन चढली तेव्हा मुलगा बाजूला उभा होता, म्हणाला, 'बाबा, मग माझी सायकल पंक्चर झाली की तुमचं चाक मला?' त्याच्या सायकलवर इंडेक्स आहे, म्हणून नाही. हे त्याला अन्याय वाटतं.

असले हिशेब नको असतील तर जुने इंडेक्स लिव्हर शोधा ज्यांच्यावर फ्रिक्शनचा पर्याय असतो. शिमानोच्या फ्रेमवर बसणाऱ्या जुन्या लिव्हरना आणि बऱ्याच जुन्या अंगठा-लिव्हरना एक कडी फिरवली की खटके बंद होतात. केबल बिघडली, डिरेलर वाकला, तरी घरी पोचता यावं म्हणून. दोन्हींतलं बरं ते त्यात मिळतं.

२० जुलै

भर पावसात रोज वापर चालू आहे. डावीकडेही तोच लिव्हर लावला. पुढच्या डिरेलरसाठी तर फ्रिक्शनच हवं, असं मी बेधडक सांगेन: मागे चकती बदलली की पुढची पट्टी चेनला घासते, तिला केसभर सरकवता आलं पाहिजे. तीन खटक्यांच्या शिफ्टरला ते येत नाही. अर्धंच काम करणार असाल तर डावी बाजू करा, उजवी राहू द्या.

खर्च: लिव्हर ३००, आऊटर १४० आणि वाया गेलेल्या तुकड्यापायी परत ७०, तार दोन्हीकडची मिळून १६०, टोप्या ३०, फवारा घरात होता. एकूण ७०० रुपये आणि चहा. वेळ मात्र सगळे मोकळे रविवार.

जुना उजवा ट्रिगर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय, मुलाच्या पुढच्या सायकलसाठी नाही, शेजारच्या काकूंच्या सायकलसाठी. त्यांच्याही दुकानदाराने शिफ्टर गेलाय असंच सांगितलंय. आधी त्यांच्यावरच फवारा मारून बघणार, शिफ्टरवर म्हणजे.

राहिलेलं काम: डिरेलरजवळचं शेवटचं आऊटर चिखल-पाण्यात असतं आणि त्याची टोपी आताच गंजायला लागलीय. पाऊस ओसरला की तेवढा तुकडा बदलायचा. लांबी ३२ सेंटीमीटर, ३० नाही.